शब्दांची पत

'आउटस्टँडिंग' हा इंग्रजी शब्द व्यापारी कुटुंबात दोन कागदांवरून प्रवेश करतो. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर तो आला की घरात पेढे वाटले जातात. बँकेच्या पत्रात तो आला की वडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात. पहिल्या कागदावर त्याचा अर्थ 'उल्लेखनीय', दुसऱ्यावर 'येणे बाकी'. दोन्ही अर्थांच्या मुळाशी कल्पना मात्र एकच आहे: जे बाहेर उभे आहे ते. गुणी विद्यार्थी इतरांतून पुढे येऊन उभा राहतो. न फेडलेली रक्कम धनकोच्या तिजोरीबाहेर उभी असते. ही मूळ कल्पना ज्याच्या ध्यानी आली, त्याला दोन्ही अर्थ वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत.

इंग्रजी शब्दसंग्रह वाढावा, ही इच्छा आज बहुतेक घरांत आहे. मुलांसमोर सी.ए., एम.बी.ए. आणि परदेशी विद्यापीठांच्या परीक्षा असतात. पेढीवर बसणाऱ्यांसमोर करारनामे, विमापत्रे आणि निर्यातीचा पत्रव्यवहार असतो. त्यासाठी शेकडो कठीण शब्दांची यादी आणून सकाळ-संध्याकाळ घोकली जाते. दोन महिन्यांनी त्यातील मूठभर शब्द उरतात, आणि तेही नेमके कोठे वापरावेत हे उमगत नाही. दोष घोकणाऱ्याच्या बुद्धीचा नसून पद्धतीचा आहे. सुटे शब्द सुट्या नाण्यांप्रमाणे हातून निसटतात. शब्दांची नाती आणि त्यांचे नेमके अर्थ जाणणे, हाच शब्दसंग्रहाचा खरा पाया होय.

किती शब्द पुरेसे?

प्रथम उद्दिष्टाचे मोजमाप करावे. ढाक्यातील अध्यापक महाविद्यालयात काम केलेले आणि बंगालमधील मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा साधारण ८० टक्के भाग एवढ्या शब्दांनी व्यापलेला असतो. न्यूझीलंडमधील अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली उच्च शिक्षणातील ग्रंथांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली. वेस्ट यांच्या यादीबाहेरील ही कुळे अशा ग्रंथांचा आणखी सुमारे १० टक्के भाग व्यापतात. पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ साली दाखवून दिले, की वृत्तपत्रे व कादंबऱ्या शब्दकोशाच्या आधाराविना वाचायच्या तर ८,००० ते ९,००० शब्दकुळांची ओळख लागते.

हे आकडे भीती घालण्यासाठी नाहीत. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याकडे पहिल्या २,००० शब्दांपैकी बहुतेक शब्द असतात. पुढील ५७० कुळे रोज तीन या गतीने १९० दिवसांत, म्हणजे एका शैक्षणिक वर्षाच्या आतच, ओळखीची होतात. त्यानंतरचा प्रवास दीर्घ आहे. मात्र तो याद्यांपेक्षा वाचनातून घडतो.

शब्दांची घराणी

इंग्रजी भाषेत शब्दांचे दोन थर आहेत. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढील काही शतके दरबार व न्यायालय यांवर फ्रेंच व लॅटिन भाषांचा प्रभाव राहिला. त्यामुळे रोजच्या व्यवहाराला जुने इंग्रजी शब्द आणि कायदा, शासन, विद्या यांसाठी लॅटिन कुळातील शब्द, अशी विभागणी झाली. 'बाय' आणि 'पर्चेस', 'बिगिन' आणि 'कमेन्स', 'हेल्प' आणि 'असिस्ट' या जोड्या त्यातूनच निर्माण झाल्या. मराठी वाचकाला ही रचना नवखी वाटू नये. 'घर' आणि 'गृह', 'हात' आणि 'हस्त', 'दूध' आणि 'दुग्ध' या जोड्यांत मराठीनेही तेच केले आहे. स्वयंपाकघरात 'दूध' आणि शासकीय फलकावर 'दुग्धविकास'! प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह म्हणजे बव्हंशी हा दुसरा, लॅटिन-ग्रीक थर होय.

या थरातील शब्द उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांपासून बनतात. संस्कृतातील 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द कसे सिद्ध होतात, हे शाळेत शिकविले जाते. उपसर्ग बदलला की शब्द जेवणाच्या ताटावरून रणांगणावर जातो. इंग्रजीतही हेच घडते. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. आत आणले की इम्पोर्ट, बाहेर नेले की एक्स्पोर्ट, पलीकडे नेले की ट्रान्स्पोर्ट, देशाबाहेर घालविले की डिपोर्ट. एका धातूची किल्ली मिळाली की अनेक दारे उघडतात. नॉर्मन लुईस यांचे १९४९ सालचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे पुस्तक याच तत्त्वावर रचलेले असून आजही पदपथावरील विक्रेत्यांकडे ते सहज मिळते.

भारतीय विद्यार्थ्याला येथे एक वडिलोपार्जित लाभही आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात प्रतिपादन केले आणि पुढील संशोधनाने ते नाते सिद्ध केले. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या महिन्यांत सप्त, अष्ट, नव, दश स्पष्ट ऐकू येतात. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून आजचा नववा महिना नावाने सातवा राहिला. एप्रिलपासून हिशेबाचे वर्ष मोजणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. दंत आणि डेंटिस्ट, मातृ आणि मॅटर्नल, पाद आणि पेडल, नाम आणि नॉमिनी हे सारे दूरचे आप्तच होत.

व्यापाऱ्याच्या परिचयाची तीन घराणी विशेष पाहण्याजोगी आहेत.

पहिले 'क्रेड', म्हणजे विश्वास ठेवणे. क्रेडिट, क्रेडिटर, क्रेडिबल, क्रेडेन्शियल, अॅक्रेडिट हे त्याचे वंशज. संस्कृतातील 'श्रद्धा' हा शब्द याच प्राचीन मुळातून आलेला आहे. बाजारात ज्याला 'पत' म्हणतात तिच्या इंग्रजी नावातच विश्वास सामावलेला आहे. हे एकदा कळले की 'इन्क्रेड्यूलस' म्हणजे सहज विश्वास न ठेवणारा, हे कोशाविना उमगते.

दुसरे 'मॉर्ट', म्हणजे मृत्यू. मर्त्य आणि मॉर्टल, अमर आणि इमॉर्टल यांचे साम्य उघड आहे. परंतु 'मॉर्गेज' हा गहाणखताचा शब्दही याच घरातला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'मृत तारण' असा होतो. कर्ज हप्त्याहप्त्याने संपविण्याच्या कोष्टकाला 'अमॉर्टायझेशन' म्हणतात. कर्जाला हळूहळू मरण देणे, हा त्याचा शब्दशः भाव. गृहकर्जाचा तक्ता हाती घेतलेल्या कुटुंबाला हा शब्द पुन्हा कधी परका वाटणार नाही.

तिसरे 'व्होक', म्हणजे बोलावणे, हाक मारणे. संस्कृत वाक्, वाचा, वचन हे त्याचे भाऊबंद. अॅडव्होकेट म्हणजे साहाय्यार्थ बोलावलेला. कॉन्व्होकेशन म्हणजे सर्वांना एकत्र बोलावून केलेला दीक्षान्त समारंभ. आणि 'व्होकॅब्युलरी' म्हणजेच शब्दसंग्रह, हा शब्दही याच घराण्यात जन्मला.

मात्र आडनाव सारखे म्हणून घराणे एकच असते असे नाही. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी. त्यातील 'पेड' लॅटिन आणि अर्थ पाय. 'पेडियाट्रिशियन' म्हणजे बालरोगतज्ज्ञ. त्यातील 'पेड' ग्रीक आणि अर्थ मूल. म्हणून धातूवरून अर्थाची दिशा ठरवावी आणि निर्णय कोशावर सोपवावा.

ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ

प्रगत शब्दसंग्रह म्हणजे केवळ लांबलचक शब्द, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात अधिक नुकसान करतात ते आखूड, ओळखीचे शब्द. कारण ते समजले आहेत असे गृहीत धरून कोणी कोश उघडत नाही. 'सँक्शन' हाच शब्द घ्यावा. बँकेने कर्ज 'सँक्शन' केले तर ती मंजुरी; एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादले तर ते निर्बंध. 'प्रिन्सिपल' या एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत. एका स्पेलिंगने मुद्दल किंवा प्राचार्य, दुसऱ्याने तत्त्व.

निर्यातीच्या पतपत्रात, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, तर लहान शब्दांना मोजमापच बांधून दिलेले आहे. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे 'यू.सी.पी. ६००' हे नियम १ जुलै २००७ पासून अमलात आहेत. त्यांनुसार रक्कम, नग किंवा दर यांपूर्वी 'अबाउट' हा शब्द असेल तर १० टक्के कमी-अधिक चालते. सांगलीच्या हळदीचे पतपत्र 'अबाउट २० टन' असे असेल तर १८ ते २२ टन माल त्यात बसतो. माल 'ऑन ऑर अबाउट' अमुक तारखेस पाठवावा असे असेल, तर त्या तारखेच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस ग्राह्य असतात. 'फ्रॉम' हा शब्द माल रवाना करण्याच्या मुदतीसाठी आला तर नमूद दिनांक धरला जातो. हुंडीच्या देयतिथीसाठी आला तर तो दिनांक वगळला जातो. इयत्ता पहिलीत शिकलेला शब्द, आणि त्याची दोन खाती! एका दिवसाच्या फरकाने कागदपत्रे नाकारली जाऊ शकतात. कारण पतपत्राच्या व्यवहारात बँक माल पाहत नाही, कागद पाहते.

हमीपत्रातील चार शब्द

शब्दार्थाची खरी किंमत मोजावी लागते ती हमीपत्रावर. व्यापारी कुटुंबात भावाच्या दुकानासाठी भाऊ जामीन राहतो, मुलाच्या कारखान्यासाठी आई सही करते, मेहुण्यासाठी मेहुणा पुढे येतो. 'फक्त सही हवी आहे' एवढ्यावर बारीक इंग्रजी अक्षरांचे अनेक पृष्ठांचे दस्तऐवज मिटले जातात. त्यांतील चार शब्द प्रत्येक सज्ञान व्यक्तीस, विशेषतः ज्यांच्यापुढे कागद केवळ सहीसाठी ठेवला जातो त्या घरातील स्त्रियांस, ठाऊक असलेच पाहिजेत.

पहिला शब्द 'को-एक्स्टेन्सिव्ह'. 'को' म्हणजे बरोबर, 'एक्स' म्हणजे बाहेर, 'टेन्स' म्हणजे ताणलेले. संस्कृत 'तन्' आणि मराठी 'ताण' याच कुळातील. अर्थ झाला: बरोबरीने पसरलेले. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच पसरलेले असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, उरले तर माझ्याकडे या, असे जामीनदाराला सामान्यतः म्हणता येत नाही.

दुसरा शब्द 'सेव्हरली'. 'सेव्हरल' म्हणजे 'अनेक', हे शाळेत शिकलेले असते. म्हणून 'जॉइंटली अँड सेव्हरली' म्हणजे 'सर्वांनी मिळून' असा समज होतो. या शब्दाचे मूळ मात्र 'सेपरेट'च्या घराण्यात आहे. 'सेव्हरली' म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्रपणे. तीन भावांनी ६० लाख रुपयांच्या कर्जास अशी हमी दिली, तर प्रत्येकाच्या मनात २० लाखांचा आकडा असतो. बँकेला मात्र संपूर्ण ६० लाख कोणाही एकाकडे मागता येतात. भरणाऱ्याने मागाहून सहजामीनदारांकडे वाटा मागावा, ही तरतूद कायद्यात आहे; पण तोवर घर कोणाचे तारण पडले आणि भावाभावांत किती कटुता आली, याचा हिशेब कोणत्याही कलमात नसतो.

तिसरा शब्द 'कन्टिन्यूइंग'. कलम १२९ प्रमाणे ही हमी एका व्यवहारापुरती नसून व्यवहारांच्या मालिकेला लागू असते. कॅश क्रेडिट खात्यात एखाद्या दिवशी बाकी शून्य झाली, म्हणून हमी संपली असे होत नाही.

चौथी शब्दांची जोडी 'इन्व्होक' आणि 'रिव्होक'. दोन्ही वर पाहिलेल्या 'व्होक' घराण्यातील. बँक हमी 'इन्व्होक' करते, म्हणजे जामीनदाराला हाक मारते: पैसे भरा. जामीनदार हमी 'रिव्होक' करतो, म्हणजे दिलेले वचन परत बोलावतो. कलम १३० नुसार निरंतर हमी पुढील व्यवहारांपुरती सूचना देऊन मागे घेता येते. झालेल्या व्यवहारांचे दायित्व सुटत नाही. या हक्काला करारातील कलमांनी कोठे मुरड घातली आहे का, हे सहीपूर्वी पाहावे. आणि 'इर्रिव्होकेबल' हा शब्द दिसला तर थांबावे. त्याचा अर्थ आता कोणी सांगावयास नको.

कीर्द आणि खतावणी

शब्द टिकवायचे कसे? पेढीची जुनी पद्धत येथेही उपयोगी पडते. दिवसभरात वाचनात आलेला प्रत्येक नवा शब्द, ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासह, तारखेनुसार कीर्दीत लिहावा. वाक्य सोडून नुसता शब्द लिहिणे म्हणजे नाव न लिहिता उधारीची रक्कम टिपणे होय. आठवड्याच्या शेवटी खतावणी करावी. 'क्रेड', 'मॉर्ट', 'व्होक', 'पोर्ट', 'रप्ट' अशी एकेका धातूची खाती उघडून शब्द त्या-त्या पानावर न्यावेत. 'इंटरप्ट', 'डिसरप्ट', 'करप्ट', 'बँकरप्ट' एका पानावर आले की 'रप्ट' म्हणजे मोडणे, हे पाठ करावे लागत नाही.

उजळणीचेही शास्त्र आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखविले, की विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर मंदावते. तसेच एका बैठकीत अनेकदा घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी कमी श्रमांत अधिक टिकते. त्याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली कप्प्यांच्या पेटीची युक्ती मांडली. चिठ्ठीच्या एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस अर्थ व वाक्य. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढील कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी पुन्हा पाहिली जाते. चुकले की पहिल्या कप्प्यात परत. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार पडदे घातले की पेटी तयार होते. आजी-आजोबांनी चिठ्ठी काढावी आणि नातवंडाने अर्थ सांगावा. दहा मिनिटांत दोघांचीही उजळणी होते.

कोश निवडताना ए. एस. हॉर्नबी यांच्या परंपरेतील 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी'सारखा विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश घ्यावा. त्यात सोप्या इंग्रजीतून अर्थ आणि उदाहरणादाखल वाक्ये असतात. इंग्रजी-मराठी कोश जरूर जवळ असावा. पण त्यातील एकशब्दी अर्थावर विसंबू नये. 'लायबिलिटी'ला 'जबाबदारी' म्हटले की ती 'रिस्पॉन्सिबिलिटी'शी एकरूप होते. व्यवहारात एकीने हिशेबात देणे वाढते, दुसरीने काम वाढते.

मोठा शब्द कोठे वापरू नये

शब्द जमविल्यावर ते मिरविण्याचा मोह होतो. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहिले; ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. शासनाने नागरिकांशी साध्या शब्दांत बोलावे, हा त्याचा गाभा. व्यापाऱ्यालाही तेच लागू पडते. प्रगत शब्द समोरच्याचे लिखाण समजण्यासाठी असावेत. स्वतः लिहिताना ग्राहकाला एका वाचनात कळेल असा शब्द निवडावा. 'पेमेंट १५ तारखेस मिळेल' हे वाक्य कोणत्याही अलंकृत वाक्याहून अधिक पत निर्माण करते.

सुरुवातीसाठी फार सामग्री लागत नाही. एक वही, एक कोश आणि घरातील कपाटात ठेवलेली हमीपत्राची प्रत पुरे. या रविवारी ती प्रत बाहेर काढावी, घरातील सर्व सज्ञान मंडळींनी एकत्र बसावे, आणि ज्या शब्दाचा अर्थ कोणालाच खात्रीने सांगता येत नाही त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. कीर्दीचे पहिले पान तेथूनच भरू लागेल. आणि नव्या कागदावर सही करण्याची वेळ येईल, तेव्हा रेघ ओढलेला शेवटचा शब्द समजल्याखेरीज पेनाचे टोपण काढू नये.